गोड बोला, पण आधी बोला!

संक्रांतीचा सूर्य उगवण्यापूर्वीच हल्ली आमच्या घरी तिळगूळ येऊन पडतो. उंबऱ्यावर नव्हे, उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर. कोणी लाडवांचे चित्र पाठवितो, कोणी पतंगाचे, कोणी हलव्याच्या दागिन्यांनी नटलेल्या बाळाचे. आणि खाली तेच एक तयार वाक्य. गतवर्षी दुपारपर्यंत असे शंभराच्या वर तिळगूळ आले. 'गोड बोला' म्हणून बजावणाऱ्या त्या शंभरांपैकी एकाचाही आवाज मात्र आमच्या कानी पडला नाही.

आमचा जन्म बोलण्यात गेला. वाईस कृष्णेच्या घाटावर चाळीस वर्षे आम्ही कीर्तनास उभे राहत आलो आहो. श्रोत्याच्या मुद्रेवरून आख्यान कोठे लांबवावे आणि कोठे आवरावे, हे कळण्यातच त्यातली अर्धी वर्षे गेली. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही घेत आहो.

संस्कृतात दोन शब्द आहेत, संदेश आणि संवाद. पहिल्याच्या मुळाशी 'दिश्' धातू आहे. दाखविणे, आज्ञा करणे हा त्याचा अर्थ. संदेश धाडला की धाडणारा मोकळा. दुसऱ्याच्या मुळाशी 'वद्' आहे, आणि 'सम्' म्हणजे बरोबर. संवादाला दुसरा माणूस लागतो, त्याचे उत्तर लागते, त्याचा रागही सोसावा लागतो. मोबाइलने संदेशाचा सुकाळ केला, यात शंका नाही. परंतु त्याच सुकाळात संवादाचा दुष्काळ पडला.

संदेश नेणाऱ्यांत श्रेष्ठ कोण, तर हनुमान. वाल्मीकींनी सुंदरकांडात त्याचा एक विलक्षण क्षण रंगविला आहे. अशोकवनात शिंशपा वृक्षावर बसून तो विचार करतो की आपण विद्वान द्विजासारखे संस्कृत बोललो, तर ही जानकी आपल्यालाच रावण समजून भयभीत होईल. मग तो साध्या मनुष्यवाणीचा निश्चय करतो, आणि एकदम समोर न येता प्रथम हळू आवाजात रामकथा सांगू लागतो. समुद्र उल्लंघताना न अडखळलेला हा वीर बोलण्यापूर्वी थांबला! ऐकणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी त्याने वाहिली, म्हणूनच त्याच्या संदेशाचा संवाद झाला. आमचे बोट मात्र एकच चित्र पन्नास जणांना धाडताना क्षणभरही थांबत नाही.

यंत्राला आम्ही शिव्या देत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी या देशात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे आलेला फोन घेण्यासही पैसे पडत; माणसे मोजके, पण कामाचे बोलत. २०२० साली देवळे बंद झाली, तेव्हा आम्हीही तिपाईवर मोबाइल ठेवून कीर्तन केले. जयघोष केला, तर प्रतिसाद शून्य. जणू विहिरीत खडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये. तरी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी ते कीर्तन ऐकले आणि रडत रडत फोन केला. तो फोन आम्ही विसरलो नाही. कारण त्या बोलल्या होत्या.

पूर्वीही दूरच्या माणसांना पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून पत्र जाई. पण गावातल्या माणसाकडे जावेच लागे. भांडण झालेल्या घरी तर आधी. तिळगूळ हातावर ठेवताना नजर टाळता येत नसे, आणि वडील माणसाला वाकून नमस्कार केल्यावर मनातला पीळ आपोआप सैल होई. रूढीची ही सक्तीच खरी उपकारक होती. आता ती सक्ती चित्राने उठविली. रूढी पाळल्याचे समाधान मिळते, आणि अबोलाही शाबूत राहतो.

हे दुसऱ्यांचे दोष सांगत नाही. आमचे धाकटे बंधू साताऱ्यास असतात. वडिलोपार्जित घराच्या मागच्या पडवीवरून वाटणीत शब्द गेला, त्यास चार वर्षे झाली. गतवर्षी संक्रांतीस त्यांनीही तिळगुळाचे चित्र पाठविले. आम्ही तत्काळ जोडलेल्या दोन हातांचे चित्र परत धाडले आणि कर्तव्य संपले म्हणून चहास बसलो. सौभाग्यवतींनी विचारले, "भाऊजींशी बोललात का?"

"हो, बोललो की."

"इथेच तर होते मी. तोंड उघडलेलं काही दिसलं नाही!"

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. कोणास न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. त्यावर आम्ही किती प्रवचने केली असतील! पण त्या प्रश्नापुढे आम्हांस एक शब्द सुचला नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, अशी स्वतःची समजूत घातली. पुढे रथसप्तमीही गेली.

यंदा सौभाग्यवतींनी लाडू वळून पितळी डबा भरून ठेवला आहे आणि मोबाइल आपल्या कपाटात घातला आहे. साताऱ्याची एसटी सकाळी आहे. पडवीचा विषय निघालाच तर काय बोलावे, हे अजून ठरलेले नाही.