प्रदेशांची नावे कोणाच्या सोयीची?

मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून अरबस्तानाकडे पाहावयाचे तर तोंड पश्चिमेस करावे लागते. तरीही त्या भूभागास ‘मध्यपूर्व’ म्हणण्याची सवय मराठी वृत्तपत्रांच्या अंगवळणी पडली आहे. जो मुलूख पश्चिमेस आहे तो पूर्वेचा कसा झाला, हा प्रश्न केवळ भूगोलाचा नाही. तो राजकारणाचा आहे.

पर्वत, नद्या व वाळवंटे निसर्गाने घडविली. ‘प्रदेश’ मात्र माणसांनी पाडले. आणि ज्यांच्या हाती आरमार व भांडवल होते त्यांनी ते आपल्या सोयीने पाडले. युरोप हा मध्यबिंदू मानून पूर्वेकडील जगाची निकटपूर्व, मध्यपूर्व व अतिपूर्व अशी वाटणी झाली. ‘मध्यपूर्व’ ही संज्ञा १९०२ साली प्रचारात आणली ती आल्फ्रेड मॅहन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने. इराणच्या आखातातील ब्रिटिश वर्चस्व आणि रशियाशी असलेली स्पर्धा हा त्याच्या लेखाचा विषय होता. भूगोलाच्या अभ्यासापेक्षा लष्करी गरजच या नावामागे अधिक होती.

नावामागून रेषा आल्या. १९१६ सालच्या गुप्त सायक्स-पिको कराराने ब्रिटन व फ्रान्स यांनी ऑटोमन साम्राज्यातील अरब मुलखाची आपापसांत वाटणी ठरविली. ज्यांची भूमी वाटली जात होती त्यांना कोणी विचारले नाही. हे कारस्थान चव्हाट्यावर आणले ते ऑक्टोबर क्रांतीने. सत्तेवर येताच, नोव्हेंबर १९१७ मध्ये, बोल्शेविक सरकारने झारशाहीच्या दप्तरातील हे गुप्त कागद प्रसिद्ध केले.

वसाहतींचा काळ सरला, तरी प्रदेश पाडण्याची ही रीत सरलेली नाही. १९६५ साली ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाचा नवाच प्रदेश निर्माण केला. दिएगो गार्सियावर अमेरिकन तळ उभारता यावा म्हणून १९७३ पर्यंत तेथील रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९७१ मध्ये हिंदी महासागर ‘शांतता क्षेत्र’ म्हणून घोषित केला, तरी तळ उभा राहिलाच. २०१८ साली अमेरिकेने आपल्या प्रशांत लष्करी विभागास ‘हिंद-प्रशांत’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच नावाचा विभाग उघडला. ‘शांतता क्षेत्र’ हा शब्द विस्मरणात गेला आणि लष्करी डावपेचांचा शब्द सरकारी भाषेत रुळला.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. नुसते नाव बदलून तळ हलत नाहीत, हे खरेच. दिल्लीच्या सरकारी व्यवहारात ‘पश्चिम आशिया’ हाच शब्द प्रचलित आहे. पण तेवढ्याने पॅलेस्टिनी जनतेला न्याय मिळालेला नाही. मात्र दुसऱ्याचे नाव जो निमूटपणे स्वीकारतो तो हळूहळू दुसऱ्याच्या डोळ्यांनीच पाहू लागतो. मग एखाद्या मुलखातील माणसे दिसेनाशी होतात आणि उरतात केवळ तेलविहिरी, सामुद्रधुन्या व नाविक तळ.

म्हणून अभ्यासवर्गात नकाशा उघडताना प्रत्येक कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारले पाहिजेत : हे नाव कोणी दिले? कोठे उभे राहून दिले? आणि कोणाच्या हितासाठी दिले? जगाची खरी विभागणी पिळणारे आणि पिळले जाणारे यांच्यात आहे. ती रेषा कोणत्याही नकाशावर छापलेली नसते. ती ओळखावी लागते.