कॉफीची नवी उपकरणे आणि आपला क्वाथ

संहिताग्रंथांत कॉफीचा उल्लेख नाही. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात मोखा बंदरातून सात बिया दडवून आणल्या व चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेचा तपशील खरा असो वा नसो, द्रव्य आपल्याकडे उशिरा आले एवढे निश्चित. त्यामुळे कॉफीचे रस-गुण-वीर्य सांगताना आपण सारेच अनुमानाने बोलतो. तिक्त-कषाय, रूक्ष, उष्ण असे तिचे वर्णन बहुतेक वैद्य करतात व व्यवस्थापत्राच्या तळाशी ‘चहा-कॉफी वर्ज्य’ ही ओळ लिहून मोकळे होतात. ती ओळ रुग्ण वाचतो आणि दवाखान्याच्या बाहेर पडून कॉफी पितो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पेयाच्या निर्मितीत जे घडले, त्याकडे आपल्या व्यवसायाने पाहिलेलेच नाही, अशी प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे. ही केवळ शहरी तरुणांची चैन असे समजून दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु त्या उपकरणांकडे भैषज्यकल्पनेच्या दृष्टीने पाहिले, तर ती मंडळी नेमके आपलेच काम करीत असल्याचे लक्षात येते : शुष्क द्रव्य भरड करणे, पाण्याच्या साहाय्याने त्याचे सार काढणे, गाळणे व कोष्ण पाजणे.

पंचविध कषायकल्पना डोळ्यांसमोर ठेवून पाहावे. तुर्की पद्धतीत अतिसूक्ष्म चूर्ण पाण्यासह शिजवतात. ही कल्पना क्वाथाच्या जवळची. काचेच्या भांड्यात भरड चूर्णावर उष्ण जल ओतून चार मिनिटांनी जाळीचा दट्ट्या दाबतात, तो सरळ फांट. सध्या बाटल्यांतून विकली जाणारी ‘कोल्ड ब्रू’ म्हणजे बारा ते चोवीस तास शीत जलात भिजवलेली कॉफी. शार्ङ्गधराने रात्रभर भिजवून सांगितलेल्या हिमाहून ती तत्त्वतः वेगळी नाही. दाक्षिणात्य घरांतील पितळी फिल्टरमधून उतरणाऱ्या द्रवास सर्वत्र ‘डिकॉक्शन’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ क्वाथ. प्रत्यक्षात तेथे काहीच उकळत नाही, तो फांटाचाच प्रकार आहे. गंमत अशी की आपले विद्यार्थीही क्वाथाला ‘डिकॉक्शन’ म्हणतात आणि ‘फिल्टर कॉफीसारखा करा’ असे रुग्णास सांगतात.

पाश्चात्त्यांनी यात भर घातली ती दाबाची आणि गाळणीची. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतील टीपकागद वापरून कागदी गाळणी केली. बियालेत्ती यांचे वाफेच्या दाबावर चालणारे मोका भांडे १९३३ सालचे. एस्प्रेसो यंत्रात सुमारे नऊ वातावरणांचा दाब देऊन पंचवीस-तीस सेकंदांत सार काढले जाते. २००५ साली अमेरिकन अभियंता अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी ‘एअरोप्रेस’ बाजारात आणले. उडत्या चकत्यांची खेळणी करणाऱ्या या गृहस्थाचे उपकरण पाहून कोणाही चिकित्सकास बस्तीची पिचकारीच आठवेल. एक नळकांडे, एक दट्ट्या, तळाशी कागद.

याहून लक्षणीय आहे ती मोजमापाची शिस्त. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी कॉफीतील विद्राव्य घनांश मोजून एक आलेख सिद्ध केला. भाजलेल्या बीचा सुमारे तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. त्यातील १८ ते २२ टक्के उतरला तर पेय रुचकर होते, कमी उतरल्यास आंबट व पातळ, अधिक उतरल्यास कडू-तुरट, असा त्याचा आशय. आज एखाद्या चांगल्या कॉफीगृहातील तरुण मुलगा वजनकाट्यावर भांडे ठेवून, घड्याळ लावून, ९२ ते ९६ अंश तापमानाचे पाणी ग्रॅमवर मोजून ओततो आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून घनांश तपासतो. ऑरेगॉन विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन व सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवले की दळण्यापूर्वी बियांवर किंचित पाणी शिंपडले तर घर्षणाने निर्माण होणारी विद्युत घटते, चूर्णाच्या गुठळ्या होत नाहीत व सार अधिक सारखे उतरते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २०२४ साली श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या योगे कोल्ड ब्रू तीन मिनिटांच्या आत तयार करण्यात आली. एस्प्रेसोची पहिली धार थंडगार धातूच्या गोळ्यावरून सोडून गंध टिकवण्याची टूमही निघाली आहे.

यातले काही निव्वळ वेड आहे. पेलाभर पेयासाठी लाखाचे यंत्र घेणाऱ्याविषयी काय बोलावे! तथापि वेडातूनही पद्धत दिसते, आणि तिचे चिकित्सेशी दोन ठिकाणी थेट नाते आहे.

पहिले नाते गाळणीचे. कॉफीच्या तैलांशात कॅफेस्टॉल व काह्वेओल ही द्रव्ये असतात व ती रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणी त्यांना बव्हंशी अडवून धरते. धातूची जाळी हे काम कागदाइतके करीत नाही. उकळून न गाळता प्यायलेल्या कॉफीत ती सर्वाधिक, तयार पुडीच्या झटपट कॉफीत नगण्य. नॉर्वेतील पाच लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात कागदाने गाळलेली कॉफी पिणाऱ्यांतील मृत्युप्रमाण न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत हे खरे, पण ते ज्या दिशेला बोट दाखवतात ती दिशा प्रयोगांनीही पुष्ट केली आहे. २०२५ साली स्वीडनमधील संशोधकांनी कार्यालयांतील १४ यंत्रांची कॉफी तपासली. बहुतेकांत ही द्रव्ये कागदी गाळणीच्या कॉफीपेक्षा पुष्कळ अधिक निघाली. तेव्हा मेदोरोगाचा किंवा हृद्रोगाचा रुग्ण ‘दिवसाला चार कप’ म्हणतो, तेव्हा ते कशातून गाळलेले चार कप, हा प्रश्न चिकित्सकाने विचारावयास हवा.

दुसरे म्हणजे काल. ‘कोल्ड ब्रू थंड असते, तिने पित्त होत नाही’ असे रुग्ण आत्मविश्वासाने सांगतात. फिलाडेल्फियातील दोन संशोधकांनी २०१८ साली मोजले तेव्हा शीत व उष्ण कॉफीचा सामू जवळजवळ सारखाच भरला. शीत कॉफीतील एकूण आम्लांश काहीसा कमी निघाला इतकेच. आणि कॅफीन शीत जलातही उतरते. निरोगी प्रौढ देहात त्याचे प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारे पाच तास लागतात, गर्भिणीत हा अवधी दुपटी-तिपटीने लांबतो. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ साली प्रौढांसाठी दिवसाला ४०० व गर्भिणीसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. सायंकाळी मोठा पेला रिचवून निद्रानाशासाठी आपल्याकडे येणाऱ्यास ब्राह्मी-जटामांसी देण्यापूर्वी घड्याळाविषयी बोलावे. पांडुरोगात हे अधिकच महत्त्वाचे आहे. भोजनासह किंवा भोजनोत्तर घेतलेली कॉफी अन्नातील लोहाचे शोषण बरेच घटवते. तासभर आधी घेतलेल्या कॉफीने तो परिणाम दिसलेला नाही. मंडूराचे व लोहाचे कल्प कॉफीसोबत गिळले जाणार नाहीत, एवढी काळजी आपण सहज घेऊ शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनाही हीच सूचना लागू आहे.

येथे महाराष्ट्रीय घरांतील जुन्या रीतीचे स्मरण करणे अस्थानी होणार नाही. दूध-साखर घालून उकळलेली, वर जायफळ उगाळलेली ती कॉफी हल्लीच्या रसिकांना हास्यास्पद वाटते. पण चिमूटभर पूड, पुष्कळ दूध आणि निद्राजनन, ग्राही असे जायफळ ही योजना ज्या कोणा गृहिणीने प्रथम केली, तिला द्रव्यगुण कळत होता.

असो. आता आपल्या दुकानांच्या फळ्यांकडे वळतो.

अलीकडे तूप घातलेल्या कॉफीचे स्तोम माजले आहे. अमेरिकेतील डेव्ह अ‍ॅस्प्री यांनी तिबेटी लोण्याच्या चहावरून स्फूर्ती घेऊन लोणी-कॉफी लोकप्रिय केली, तिचाच हा भारतीय अवतार. त्यावर ‘आयुर्वेदानुसार’ असे शिक्कामोर्तब करणारे काही आपल्यापैकीच आहेत, याचा खेद वाटतो. अग्नी पाहिला नाही, कोष्ठ पाहिला नाही, मात्रा ठरवली नाही, उष्णोदकाच्या जागी तीक्ष्ण-रूक्ष पेय दिले, आणि त्यास स्नेहपान म्हणायचे! दिवसभर बैठे काम करणाऱ्या स्थूल माणसाला हे रोज सकाळी कोणत्या शास्त्राने द्यावे?

अश्वगंधा-कॉफी, शतावरी-कॉफी, छत्रक-कॉफी यांची पाकिटे तर फार्मसींच्या दर्शनी भागात मांडलेली असतात. फार्मसीचालकांची अडचण समजते. अविपत्तिकराच्या डबीपेक्षा त्यात सुटणारा नफा अधिक आहे आणि ग्राहक तरुण आहे. परंतु पाकिटावर अश्वगंधेची मात्रा किती, मूळ की पान, चूर्ण की घनसार, याचा खुलासा नसेल तर वैद्याने ते सुचवू नये व दुकानदाराने मांडू नये, असे स्पष्ट मत नोंदवतो. अश्वगंधेचे मूळच वापरावे, पाने वापरू नयेत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ साली औषधनिर्मात्यांना केली होती. २०२२ च्या ‘आयुर्वेद आहार’ नियमांनी औषधे आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. तेव्हा तेच द्रव्य कॉफीत मिसळून अन्न म्हणून विकायचे आणि समोरच्या ग्राहकास तोंडी मात्र औषधाचे गुण सांगायचे, हा दुटप्पीपणा आहे. निद्रेसाठी दिलेले द्रव्य निद्राहर पेयात कालवण्यातील विसंगती तर वेगळीच.

आपण कॉफीत आपली औषधे मिसळावयास शिकलो. कॉफीवाल्यांची शिस्त आपल्या औषधांत आणावयास शिकलो नाही, हे खरे दुःख आहे.

शार्ङ्गधराने क्वाथासाठी एक पल द्रव्य, सोळापट पाणी, उघडे मृत्पात्र, मृदु अग्नी आणि अष्टमांश अवशेष सांगितला. पल ४८ ग्रॅम धरल्यास ७६८ मिलिलिटर पाणी आणि शेष ९६ मिलिलिटर. फांटास चौपट उष्ण जल, हिमास सहापट शीत जल. द्रव्य, प्रमाण, पात्र, अग्नी, काल, गाळण या सर्व बाबी सांगून ठेवलेल्या आहेत. आजचा कॉफीवालाही एकास सोळा हेच प्रमाण पुष्कळदा वापरतो. म्हणून कॉफीचे शास्त्र आपल्याच ग्रंथांतून गेले असे कोणी व्यासपीठावरून म्हणू नये. कॉफी आटवून अष्टमांश करीत नाहीत, साम्य योगायोगाचे आहे. फरक इतकाच की तो आपले प्रमाण रोज मोजतो.

आपल्या क्वाथचूर्णाच्या पुडीवर काय लिहिलेले असते? ‘दोन चमचे चूर्ण दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप उरवावे.’ चमचा कोणता? गुडूचीच्या भरड तुकड्यांचा चमचा आणि त्रिफळ्याच्या बारीक चूर्णाचा चमचा यांच्या वजनात किती अंतर पडते, हे काट्यावर ठेवून पाहावे. ‘भरड’ हा शब्द तर प्रत्येक फार्मसीत निराळा आहे. एकीकडे काडीएवढे तुकडे, दुसरीकडे जवळजवळ पीठ. कच्च्या द्रव्याचे जलविद्राव्य सार प्रयोगशाळेत तपासले जाते, ते औषधिकोशाच्या मानकांत बसते. पण रुग्णाच्या स्वयंपाकघरातल्या पेल्यात त्यातले किती उतरले, हे कोणीच पाहत नाही. कोणी प्रेशर कुकरमध्ये शिजवतो, कोणी विजेच्या किटलीत, कोणी झाकण ठेवून. मग उपशय मिळाला नाही की आपण द्रव्याला किंवा रुग्णाच्या पथ्याला दोष देतो. रुग्ण कंटाळून गोळ्या व साखरेची काढा-सिरपे मागतो, आपणही तीच लिहितो. या गतीने पुढच्या पिढीतील वैद्यास ताजा क्वाथ हा परीक्षेपुरता विषय उरेल.

शेजाऱ्यांनी आपापल्या परीने मार्ग काढले. चीन-कोरियात औषधालयातच यंत्रावर काढा करून मोहोरबंद पिशव्यांतून रुग्णास देतात. जपानमध्ये कांपो क्वाथांचे घनसार-कण १९७६ पासून मोठ्या प्रमाणावर शासकीय आरोग्यविम्यात आले. केरळात १९०२ साली स्थापन झालेल्या कोट्टक्कलच्या आर्यवैद्यशाळेने तयार कषायांच्या बाटल्या घरोघर पोहोचवल्या. हे सर्व मार्ग उपयुक्त आहेत, पण त्यांत ताजेपणा सुटतो. कॉफीच्या कॅप्सूलसारखी क्वाथाची कुपी काढावी, असे एका उत्साही व्यवसायबंधूने सुचवल्याचे ऐकले. भाजलेली कॉफीची बी सच्छिद्र व ठिसूळ असते, म्हणून अर्ध्या मिनिटात सार देते. दशमुळातील काष्ठ व साली तसे देणार नाहीत, त्यांना उकळण्याला पर्याय नाही. धणे, वाळा, बडीशेप अशा सुगंधी द्रव्यांना मात्र उकळणे हीच हानी आहे. तेथे हिम-फांटच हवेत, आणि धणे-वाळ्याच्या मोजून भरलेल्या कागदी पिशव्या आज कोणतीही फार्मसी करू शकेल.

तूर्त एक छोटा प्रयोग सुचवतो. प्रत्येक फार्मसीचालकाने आपले सर्वाधिक खपाचे क्वाथचूर्ण घ्यावे. तीन चाळण्यांनी त्याची तीन भरडे वेगळी करावीत, प्रत्येकी ४८ ग्रॅम घेऊन सोळापट पाण्यात मंदाग्नीवर अष्टमांश उरवावे, वस्त्रगाळ करावे व शेष द्रव जलयंत्रावर पूर्ण आटवून राहिलेला घनांश तोलावा. तीनही आकडे, आटवण्यास लागलेला वेळ आणि पात्राचा प्रकार यांची नोंद ठेवावी. काटा, चाळण्या, घड्याळ आणि एक दुपार, इतकाच खर्च. ज्या भरडाने सार अधिक व सारखे दिले, तेच पुडीत भरावे आणि पुडीवर चमच्याऐवजी ग्रॅम, कपाऐवजी मिलिलिटर छापावे. वजनकाटा नसलेल्या रुग्णासाठी पुडीत मापाचा पेला ठेवावा. खोकल्याच्या सिरपासोबत तो आपण फुकट देतोच.