किचनला गडद टील मारताय? आधी उजेड बघा!

इन्स्टावर 'किचन मेकओव्हर' असं टाकून बघा. गडद टील कपाटं, पितळी हँडल, खिडकीत मनीप्लांट... एकदम भारी! घरात रंगकाम निघालं की 'आपणही हाच मारू' असा हट्ट धरणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता. नाव नवं वाटलं तरी रंग काही परका नाही. पैठणीतला मोरपंखी त्याचा सख्खा भाऊ. आणि 'टील' हे मुळात एका छोट्या बदकाचं नाव. नराच्या डोळ्यावरून मानेकडे जाणाऱ्या निळसर-हिरव्या पट्ट्यामुळे रंगाला ते मिळालं. हे बदक हिवाळ्यात आपल्या इंदापूर तालुक्यातच, भिगवणजवळ उजनी जलाशयावर उतरतं.

पण सध्या रंगाच्या डब्यामागे मोठी लढाई चालू आहे, ती समजून घ्या. वर्षानुवर्षं एशियन पेंट्सचं वर्चस्व असलेल्या या धंद्यात फेब्रुवारी 2024मध्ये बिर्ला ओपस उतरली, तेही 10 हजार कोटींची गुंतवणूक घेऊन. जून 2025मध्ये जेएसडब्ल्यूने ड्युलक्सवाली अक्झो नोबेल इंडिया ताब्यात घेण्याचा करार जाहीर केला. पुढच्याच महिन्यात एशियन पेंट्सने डीलरांवर दबाव आणल्याच्या आरोपांवरून स्पर्धा आयोगाने चौकशीचे आदेश दिले. तक्रार होती बिर्ला ओपसच्या मूळ कंपनीची, ग्रासिमची. ही लढाई आपल्यापासून लांब नाही. एशियनचा कारखाना शेजारच्या खंडाळ्यात, बर्गरचा जेजुरीत, ओपसचा महाडला.

या लढाईत डीलर एवढा महत्त्वाचा का? कारण गडद छटा सहसा तयार डब्यात येत नाही. दुकानातल्या मशीनवर बेसमध्ये रंगद्रव्य टाकून ती बनवतात. बारामती-इंदापूरच्या दुकानात अशी मशिनं ठेवायला जागा किती असणार? ज्याचं मशीन आत, त्याचा माल खपतो. गडद छटेत रंगद्रव्य जास्त लागतं, म्हणून लिटरचा भावही वाढतो. शिवाय उद्या कंटाळा आला आणि पुन्हा फिका रंग द्यायचा म्हटलं, तर प्रायमर आणि जादा हात आलेच. म्हणजे आजचा निर्णय पुढच्या रंगकामाचंही बिल ठरवतो.

आता उजेडाचं गणित. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांच्या आसपास परत फेकते, गडद टील जेमतेम 10 टक्के. रीलमधलं किचन मोठं असतं, खिडकी भिंतभर असते, वर शूटिंगचे लाइट. आपल्याकडे? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, तेही स्वयंपाकाची जागा धरून. एका छोट्या खिडकीच्या अशा खोलीत चारही भिंती टील केल्या तर भर दुपारी ट्यूब लावावी लागेल.

दुसरी गोष्ट ओल. नीरा कालव्याच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. तसेच क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि पांढरे फुटून बाहेर येतात. फिक्या भिंतीवर ते खपून जातं, टीलवर मिठाचा सडा टाकल्यासारखं दिसतं. त्यात रोजच्या फोडणीचे शिंतोडे! म्हणून आधी ओलीचा बंदोबस्त, मग रंग. आणि शेगडीमागे मॅट नको, धुता येईल असा रंग किंवा टाइल्स.

तिसरी गोष्ट तब्येतीची. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017पासून लागू आहे. तसं डब्यावर छापलेलं असायला हवं, ते वाचा. पण भिंतीवर त्याआधीचा जुना ऑइल पेंट असेल तर? तो कोरडा घासला की शिशाची धूळ उडू शकते. शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे खरवडण्याआधी भिंत ओली करा, लहान पोरांना आणि भांड्यांना दुसरीकडे हलवा. रंगारी दादांना नुसता रुमाल नको, चांगला मास्क द्या. सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच छातीत जाते.

मग टील नकोच का? तसं नाही. एकच भिंत टील करा, नाहीतर फक्त खालची कपाटं. वरच्या भिंती आणि छत फिकं ठेवा. आधी छोटा डबा आणून दोन-तीन हात भिंतीवर मारून बघा. सकाळी सात, दुपारी आणि संध्याकाळी दिवेलागणीला, अशा तीन वेळा बघा. मोबाइलमधली छटा आणि भिंतीवरची छटा सारखी नसते.

आणि एक विचारायचं राहू नये. त्या ओट्यापुढे रोज उभं कोण राहतं? बऱ्याच घरांत अजूनही आईच. निवडलेल्या तांदळात खडा राहिलाय का, तेलात मोहरी तडतडली का, हे तिला त्याच उजेडात बघायचंय. फोटो तुम्ही एकदाच टाकणार, स्वयंपाक रोज होणार. तेव्हा शेडकार्ड आधी आईच्या हातात द्या, आणि तिने 'नको' म्हटलं तर कारण ऐकून घ्या.