बाजारातले चाक आणि गाडीचा आस

नाशिकच्या इंदिरानगर या उपनगरातील एका चौकाला रथचक्र चौक असे नाव आहे. त्या नावाला साजेसा एक व्यवहार अलीकडे या परिसरात आणि लगतच्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने चांगलाच फोफावला आहे. नव्या मोटारीसोबत आलेली लोखंडी चाके उतरवून त्या जागी अलॉयची झगमगीत, रुंद आणि मोठी चाके बसवून घेण्याची हौस मध्यमवर्गात रुजली आहे. गॅरेजवाल्यांच्या बोलीत या चाकांना अद्याप ‘मॅगव्हील’च म्हणतात. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु या हौसेचे मोल कोण देतो, किती देतो आणि केव्हा देतो, हा प्रश्न दुकानातल्या पावतीवर सुटत नाही.

गंमत अशी, की हे शहर मोटारीच्या बाबतीत अडाणी मुळीच नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रची वाहने तयार होतात, तेथेच सिएटचे टायर तयार होतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी नग नाकारणारे कारागीर आणि अभियंते सिडको-इंदिरानगरात राहतात. आठवडाभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळणारा हाच मनुष्य रविवारी चाकाच्या दुकानात उभा राहतो आणि दुकानदाराच्या ‘साहेब, बसतंय की’ या दोन-तीन शब्दांवर समाधान मानतो. चाक बोल्टांवर चढणे आणि चाक गाडीला बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला कामावर कोणी सांगावे लागत नाही. बाजारात मात्र त्याचा विसर पडतो.

पूर्वीच्या काळी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार आधी लाकडी चाकाचा घेर मोजून घेई, धाव त्याहून किंचित लहान करी, ती तापवून चढवी आणि पाणी ओतून आवळी. माप चुकले तर धाव सैल पडे किंवा आरे मोडत. मोटारीच्या चाकाला अशी चार-पाच मापे असतात आणि त्यांतील एकही डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण.

पहिले माप बोल्टांच्या वर्तुळाच्या व्यासाचे. व्यवसायात त्याला ‘पीसीडी’ म्हणतात. मारुती स्विफ्टला चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. फियाटच्या पुंटोला चारच, पण ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर. पुंटोचे उत्पादन थांबले असले तरी त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांना १०० चे चाक ‘चालवून’ घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. फरक २ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बोल्टामागे एकाच मिलिमीटरचा. नट आवळला की चाक ओढले जाते, बसल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक बोल्ट किंचित वाकलेल्या स्थितीत ताण सोसत राहतो. धातू असा ताण काही हजार किलोमीटर मुकाट्याने सोसतो आणि मग एके दिवशी सोसत नाही.

दुसरे माप मधल्या भोकाचे. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातले चाक मात्र शक्य तितक्या गाड्यांना चालावे म्हणून बहुधा ७३.१ मिलिमीटरच्या भोकाचे बनविलेले असते. मधली पोकळी भरून चाक नेमके केंद्रावर आणण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी बसवावी लागते. ही कडी अगदी स्वस्त असते, आणि कदाचित म्हणूनच ती विसरली जाते. मग ताशी ८०-९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. मालक बॅलन्सिंग करून घेतो, पुन्हा करून घेतो, अलाइनमेंट करतो, टायरला दोष देतो, शेवटी रस्त्याला दोष देतो. नाशिकच्या रस्त्यांना दोष देण्यास जागा आहे हे कबूल केले, तरी या थरथरीचे पाप त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

तिसरे माप ऑफसेटचे. हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर किंवा आत आहे, ते हे माप सांगते. समजा, साडेपाच इंच रुंदीचे, ४५ ऑफसेटचे मूळ चाक काढून सात इंची, ३५ ऑफसेटचे चाक लावले. रुंदी दोन्ही बाजूंना विभागून वाढते आणि ऑफसेट घटल्याने सगळे चाक बाहेर सरकते; परिणामी बाहेरची कड सुमारे २९ मिलिमीटर पुढे येते. दुकानात रिकाम्या गाडीला ते शोभून दिसते. पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी वणीच्या गडाकडे निघाली, वळणावर दबली, की टायर मडगार्डला घासू लागतो. घासण्याचा आवाज निदान ऐकू येतो. बेअरिंगवर वाढलेला भार मात्र आवाज करीत नाही. करू लागतो तेव्हा बेअरिंग गेलेले असते. यावर उपाय म्हणून चाकामागे स्पेसरची चकती घालण्याची जी प्रथा आहे, ती चाक आणखी बाहेर ढकलते आणि नटाला मिळणारे आटे कमी करते. अशा उपायापेक्षा दुखणे बरे.

टायरच्या आकाराबाबत थोडे अंकगणित पुरते. १८५/६५ आर १५ या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. १६ इंची रिमवर १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास जवळजवळ तोच राहतो. हा शहाणपणाचा बदल. त्याऐवजी भारदस्त दिसतो म्हणून २०५/६० आर १६ घेतला, तर व्यास ६५२ वर जातो, म्हणजे पाच टक्के वाढतो. स्पीडोमीटरच्या मूळ हिशेबाने काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०५ ने धावत असेल आणि ब्रेकला अधिक मोठ्या, अधिक जड चाकाला आवरावे लागेल. कसारा घाट उतरताना हा हिशेब कागदावर राहत नाही. व्यास जुळला तरी भारक्षमता पाहावी लागते ती वेगळीच. ८८ भारांकाचा टायर ५६० किलो पेलतो, ८७ चा ५४५. हलक्या मोटारीला हा फरक जाणवणार नाही. सात आसनी गाडीचा मालक जेव्हा केवळ नक्षी पाहून चाक निवडतो, तेव्हा तो जाणवू शकतो. रिमवरही कमाल भार कोरलेला असतो. तो वाचणारे गिऱ्हाईक विरळा.

आणि शेवटी नट. मारुतीचा आणि होंडाचा, दोन्ही १२ मिलिमीटरचे. पण एकाच्या आट्यांचे अंतर १.२५, दुसऱ्याचे १.५. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलाकार, बाजारातल्या चाकाची बहुधा शंकूसारखी. चुकीचा नट हवेच्या बंदुकीने ठोकला की आटे मरतात, तरी नट ‘घट्ट’ लागतो. टॉर्क रेंच किती दुकानांत भिंतीवरून खाली उतरतो, हे ज्याने त्याने पाहावे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या, एवढे सांगण्याचे सौजन्यही क्वचितच आढळते.

हा सारा तपशील ग्राहकाला ठाऊक असावा अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा मुद्दा येथेच आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, त्यात विक्रेत्याला माल कळतो आणि ग्राहकाला कळत नाही, अशा बाजारात चांगला माल वाईट मालाकडून कसा हुसकावला जातो, हे दाखविले होते. त्या विचारासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चाकांच्या बाजाराला तो विचार तंतोतंत लागू पडतो. हबची कडी, योग्य नट, मोजमापाला लागणारा वेळ यांचा खर्च धरून भाव सांगणारा प्रामाणिक दुकानदार शेजाऱ्यापेक्षा महाग ठरतो. ग्राहक दोघांतील फरक ओळखू शकत नसल्याने तो स्वस्ताकडे वळतो. शिवाय निखळलेले चाक फक्त मालकाचेच नुकसान करते असे नाही. महामार्ग ओलांडणारा पादचारी आणि मागून येणारा दुचाकीस्वार या सौद्यात कोठेही नसतात, जोखमीत मात्र त्यांचा वाटा असतो.

कायदे नाहीत असे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात त्याचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये, अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टायरांना मानक ब्युरोचे प्रमाणन २००९ च्या आदेशाने सक्तीचे झाले, रिमसाठी तसा आदेश २०२० मध्ये निघाला. परंतु ही खूण चाकाच्या मजबुतीची ग्वाही देते. ते चाक अमुक गाडीला जुळते की नाही, याविषयी ती काही सांगत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिला योग्यता तपासणी नसते. म्हणजे दुकानातून बाहेर पडलेले चाक त्या अवधीत कोणी अधिकृत माणूस पाहीलच, याची शाश्वती नाही.

जर्मनीत बाजारातले चाक कोणत्या वाहनाला, कोणत्या टायरसह, कोणत्या अटींवर लावता येते याचे प्रमाणपत्र चाकाबरोबर मिळते आणि पुष्कळदा तपासणी संस्थेकडून जोडणी पाहून घेऊन वाहनाच्या कागदपत्रांत नोंद करावी लागते. आपल्याकडे तेवढी यंत्रणा उद्या उभी राहील, अशी आशा करण्याचे धाडस कोणी करू नये. तथापि एक सोपी गोष्ट आजही शक्य आहे. विक्रेत्याने पावतीवर गाडीचे मॉडेल, बोल्टवर्तुळ, मधले भोक, ऑफसेट, टायरचा आकार व भारांक, नटाचे आटे आणि दिलेला टॉर्क लिहून सही करावी, अशी सक्ती परिवहन खात्याने करावी. अशी पावती हाती असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादन-दायित्वाची तरतूद ग्राहकाला प्रत्यक्ष उपयोगी पडू शकेल आणि विमा कंपनीला बदल कळवितानाही तीच जोडता येईल. सक्ती होईपर्यंत ग्राहक संघटनांनी अशा पावतीचा नमुना छापून दुकानादुकानांतून ठेवावा. तो भरून देण्यास जो दुकानदार नकार देईल, त्याच्याकडून चाक घ्यावे की नाही, हे ग्राहकाला मग ऑफसेटचा अर्थ न कळताही ठरविता येईल.