पुराणिकाच्या कन्येला घडलेले दर्शन

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवतहून वरवंडास जाताना केडगावच्या चौफुल्यावरून पुढे सरकते. तेथून जवळच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. वारीच्या पर्वकाळी एका ख्रिस्ती साध्वीचे स्मरण कशासाठी, असे भाविक वाचकांस वाटेल. माझ्या मते ते अस्थानी नाही.

रमाबाई (१८५८–१९२२) आम्हा कथेकऱ्यांच्याच कुळातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत. भागवत त्या आईच्या मुखातून शिकल्या. आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्यांनीच १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. लंडनमध्ये पतित स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी पाहून त्यांचे मन त्या धर्माकडे वळले होते.

परंतु पुढे त्यांनीच लिहून ठेवले की, त्या वेळी धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे क्रुसावर मृत्यू पावलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला आणि आजही जिवंत आहे. म्हणजे त्यांची सेवा ही दिवंगत सत्पुरुषाची पुण्यतिथी नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या धन्याची चाकरी. विठ्ठल आजही विटेवर उभा आहे असे मानणाऱ्यास हे उमगणे कठीण नाही. दोन्ही एकच, असे मी म्हणत नाही. रमाबाईंनाही ते रुचले नसते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली उचलून केडगावी घेऊन आल्या. पुढे अंध स्त्रियांनाही तेथे आश्रय मिळाला, पतितांसाठी कृपासदन निघाले. ज्या देहांना स्पर्श करण्यास आप्तही धजत नव्हते, त्यांची शुश्रूषा हेच त्यांचे नित्यपूजन झाले.

धर्मांतराचा आक्षेप खोटा होता असे नाही. त्यावरूनच १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपल्या शास्त्रांविषयीची रमाबाईंची कित्येक मते मलाही मान्य नाहीत. तथापि त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मिणी झाल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही विसरू नये.

शेळगावी कीर्तनानंतर एका वृद्ध श्रोत्याने विचारले, “महाराज, त्या बाईंनी आपला देव का सोडला?” मी म्हणालो, “बाबा, केशवपन झालेल्या त्या पोरी आपल्या घरांतून तिच्या दारी का गेल्या, ते आधी सांगा.” भागवताच्या तृतीय स्कंधात कपिलमुनी मातेला सांगतात की, भूतमात्राची अवहेलना करून केलेली मूर्तिपूजा भस्मात टाकलेल्या आहुतीसारखी व्यर्थ होय. बालपणी रमाबाईंनी हा अध्याय घोकला असेलच. आम्हीही तो दर चातुर्मासात सांगतो, आणि यजमानाच्या माजघरात कोपऱ्यात बसलेल्या विधवेला प्रसाद सर्वांत शेवटी पोहोचतो.