कोड पुसल्याला ३८ किलोमीटर

मागच्या शनिवारी एक मित्र सेकंडहॅंड गाडी बघायला चालला होता. मला म्हणाला, "तू चल रे, तुला त्यातलं कळतं." आता मला गाडीतलं काय कळतं? मी आपला आठवडाभर लॉग वाचणारा माणूस. सर्व्हर पडला की लोक म्हणतात "अचानक पडला", आणि लॉग उघडला की दिसतं, तो तीन दिवस ओरडत होता. गाडीचंही तेच असतं, एवढंच मला माहीत. म्हणून निघताना खिशात साडेसहाशे रुपयांची एक डबी टाकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्याचं नाव ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं, मूळ हेतू धूर तपासण्याचा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांत आलं (पुणं तेव्हा बीएस-४ वाल्या शहरांत होतंच). त्या सॉकेटात ब्लूटूथवाली डबी खोचायची, फोनला जोडायची, पासवर्ड बहुतेक वेळा १२३४ (सिक्युरिटीवाल्यांनी डोळे मिटावेत). मग फोनवरचं ॲप इंजिनच्या कॉम्प्युटरला एकेक प्रश्न विचारतं आणि उत्तरं सीएसव्हीत लिहीत बसतं. आयफोनवाल्यांनो, जुन्या ब्लूटूथची डबी तुमच्याकडे चालायची नाही, वायफायची किंवा ब्लूटूथ एलईची घ्या.

प्रोटोकॉल इतका साधा आहे की प्रेमात पडावं. ०१०५ पाठवलं की इंजिनच्या कूलंटचं तापमान येतं, एकच बाईट. त्यातून ४० वजा करायचे, झाले सेल्सिअस. १३० आलं तर ९०. वजा ४० का, तर कडाक्याच्या थंडीतला उणे आकडाही त्याच एका बाईटमध्ये बसावा म्हणून. कोणीतरी एकेक बाईट वाचवत हे लिहिलंय, आणि आपण साध्या "हॅलो"साठी दोन केबीचं जेसन पाठवतो. असो.

तर गाडी. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ६१ हजार चाललेली, चकचकीत. मालक साठीचे काका, एकदम सज्जन. डॅशबोर्डवर एकही लाल-पिवळा दिवा नाही. मित्र मनातल्या मनात पेढे वाटायला लागला होता. मी डबी लावली. कोड शून्य. छान. पण याच कॉम्प्युटरला अजून एक प्रश्न विचारता येतो जो फार कमी लोक विचारतात: शेवटचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली?

उत्तर आलं, ३८ किलोमीटर.

६१ हजार चाललेल्या गाडीची पाटी ३८ किलोमीटरपूर्वी कोरी केलेली. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या अंतर्गत चाचण्या घेत असते त्यातल्या दोन-तीन "अपूर्ण" दाखवत होत्या. पुसल्यावर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि पूर्ण व्हायला बरंच फिरवावं लागतं. काकांना विचारलं. ते म्हणाले, बॅटरी काढली होती हो. हे खरं असू शकतं, बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की स्मृती जाते. म्हणून म्हटलं, काका, जरा लांब चक्कर मारू या का? कात्रजचा जुना घाट?

चौघं जण, एसी चालू, पुढे एक रडत चढणारा ट्रक. फोनवर तीनच गोष्टी लॉग करत होतो: तापमान, वेग, आरपीएम. (हौसेनं वीस कॉलम लावू नका. डबी एकेक प्रश्न विचारते, कॉलम वाढवले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि लॉगला भोकं पडतात.) ९१. ९४. आता पंखा लागेल म्हटलं. ९९. १०३. पंख्याचा आवाज नाही. १०८. डॅशबोर्ड मात्र ढिम्म! या गाडीत तापमानाचा काटाच नाही, नुसते दिवे: थंड असताना निळा, आणि फार उशीर झाल्यावर लाल. काटा असता तरी फार फरक नसता म्हणा. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध चिकटवलेला असतो, दहावीस अंश इकडेतिकडे झाले तरी हलत नाही. लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात ना!

१०० च्या वर म्हणजे लगेच आकाश कोसळत नाही. कूलंट दाबाखाली असतं, पाण्यासारखं १०० ला उकळत नाही. पण १०८ आणि चढतंय म्हणजे थांबायचं. एसी बंद, हीटर फुल (घामाघूम, पण इंजिनची उष्णता तिकडून निघते), कडेला घेतली.

तिथे रस्त्याच्या कडेला काकांचा चेहरा उतरला आणि त्यांनी खरं सांगितलं. महिन्याभरापूर्वी इंजिनचा दिवा लागला होता. गॅरेजवाल्यानं "सेन्सरचा प्रॉब्लेम, केला नीट" म्हणून दीड हजार घेतले. परवा परत लागला, परत नेली, परत "नीट" केली. नीट म्हणजे काय, तर त्यानं कोड पुसला होता. दोन्ही वेळा. काकांना कोड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. बॅटरी काढली होती असं त्यांना त्या गॅरेजवाल्यानंच सांगितलेलं. आम्ही मनात त्यांना चोर ठरवून बसलो होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकनं लॉग बघितला आणि वीस मिनिटांत रेडिएटरच्या पंख्याचा रिले काढून हातावर ठेवला. आतले पॉइंट जळके, कधी लागणार कधी नाही. खर्च पाचशेच्या आत. इंजिन वाचलं कारण काका गाडी फक्त गावात, सकाळी थंडाव्याला काढायचे. मित्रानं गाडी घेतली, भाव थोडा कमी करून.

आता माझं म्हणणं. हा डेटा गाडी ज्याची त्याचा आहे, आणि "तुम्हाला त्यातलं कळत नाही" हे तो न दाखवण्याचं कारण होऊ शकत नाही. डॉक्टर रिपोर्ट फाडून टाकून "बरे झालात" म्हणाला तर चालेल का आपल्याला? ही भांडणं जगभर चालू आहेत. आपल्या स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हाही त्यातला मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणारा डेटाही मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला मिळावा असा कौल दिला.

उलट बाजूही बघा. नव्या गाड्यांत सिमकार्ड असतं, त्या आपणहून घरी फोन करतात. लाखो गाड्यांमधला प्रवासाचा आणि चालवण्याच्या सवयींचा डेटा नीट परवानगी न घेता गोळा करून विकला, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्सवर कारवाई केली. म्हणजे कंपनीला दिसतं, विमावाल्याला दिसू शकतं, आणि आपल्याला निळा दिवा.

आणि हो, काम झालं की डबी सॉकेटातून काढून ठेवा. तिथली १६ नंबरची पिन थेट बॅटरीला असते, किल्ली बंद असली तरी चालू. मी गेल्या दिवाळीत गाडी तशीच पार्किंगमध्ये सोडून गावी गेलो होतो. आठ दिवसांनी आलो तर गाडी ढिम्म, आणि शेजारच्या काकूंच्या स्कूटरवर मागे बसून नवीन बॅटरी आणायला जावं लागलं. त्या अजून विचारतात, "काय रे, आज लॉग काय म्हणतोय?"