आवाज कमी कर!

कणकवलीच्या पटवर्धन चौकात संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा. डोक्यावर महामार्गाचा उड्डाणपूल, खाली चहाच्या गाड्या, आजूबाजूला मोबाईलची दुकानं. इथं चहाला पैसे पडतात, मतं फुकट. नव्या फोनवर, रीलवर, डीजेवर, सिनेमावर ज्याला त्याला मत आहे. पोरं बिघडली. वाचन संपलं. दशावताराला माणूस उरला नाही. बोलणारा बोलतो, ऐकणारा मान हलवतो, गिलास ठेवतो नि घरी जातो. घरी जाऊन तोही अर्धी रात्र रीलच बघतो. बघू दे. करमणूक कुणाला नको?

पण परवा तिथं एक मत ऐकलं आणि डोकं फिरलं. आमच्या वाडीतला एक पोरगा नवा फोन घेऊन दुकानातून बाहेर पडला. चहा पिणाऱ्यांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "ह्येंका काय कमी आसा? रेशन फुकट, शिक्षण फुकट, नि हातात फोन बघ केवढो!"

त्याच्याच बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या हातात त्याच्या दुप्पट किमतीचा फोन होता. बापाच्या पैशाचा. त्यावर चकार शब्द नाही. आमचा पोरगा दिवसभर शिडीवर चढून लोकांची घरं रंगवतो. फोन बारा हप्त्यांचा. एक हप्ता चुकला की वसुलीवाल्याचा फोन त्याच फोनवर येणार. हे त्या चहावाल्या विचारवंताला कोण सांगणार?

मला काय म्हणायचंय ते इथंच सांगून टाकतो. वस्तूबद्दलचं मत वस्तू बघून बनत नाही. ती कुणाच्या हातात आहे ते बघून बनतं. फोन त्यांच्या हातात असला की गरज, आमच्या हातात आला की चैन. त्यांच्या कर्ण्यावरचं भजन म्हणजे भक्ती, आमच्या कर्ण्यावरचं भीमगीत म्हणजे गोंगाट.

कामाचंही तसंच. ज्या चौकात हे मत ऐकलं त्याला आप्पासाहेब पटवर्धनांचं नाव आहे. आप्पा जन्मानं ब्राह्मण. त्यांनी मेलेलं ढोर स्वतः सोललं, पायखाने स्वतः साफ केले, १९४८ साली इथंच वागद्याला गोपुरी आश्रम उभा केला. माणूस सच्चा होता, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यानपिढ्या तेच ढोर सोललं, तीच घाण उपसली. त्यांच्या नावानं या कणकवलीत एक बोळ तरी आहे का? काम तेच. हात बदलला की त्याची सेवा होते.

वस्तूचं राजकारण आम्हांला बाजारानं शिकवलेलं नाही. ते याच कोकणात, महाडला शिकवलं गेलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. पाणी काय, घरच्या विहिरीचंही पिता येतं! पण त्या ओंजळीनं गाव हादरलं, सभेला आलेल्या आमच्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तिथं बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीतल्या बायकांसारखं नेसा, अंगावर जातीची खूण सांगणारे ते कथलाचे दागिने टाका. लुगडं कसं नेसायचं हीसुद्धा लढाई होती. म्हणून आमच्यातलाच कुणी शहाणा जेव्हा म्हणतो, "आपल्या पोरांना जीन कशाला, फोन कशाला?" तेव्हा त्याला महाड आठवून द्यावं लागतं. चांगलं कापड, चांगली वस्तू यांवर आमचा हक्क आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मी पहिल्यांदा टीव्ही बघितला तो १९८७ साली. गावात एकच टीव्ही होता, मोठ्या घरात. रविवारी सकाळी रामायण लागायचं. घरचे ओटीवर, कुळवाड्यांची पोरं पडवीत, आम्ही खळ्यात. मध्ये दोन खांब आणि माणसांची डोकी. आवाज ऐकू यायचा, चित्र अर्धंच दिसायचं. पुढं सरकलं की म्हातारी ओरडायची, "थयच बस रे!" शंबूकाच्या पोरांनी खळ्यात उकिडवं बसून रामायण बघायचं, तेही अर्धं! दिल्लीहून निघालेल्या लहरींना जात माहीत नव्हती. त्या आमच्या गावात आल्या आणि ओटीवर बसल्या.

मग आमच्या वाडीत टेपरेकॉर्डर आला. चुलता मुंबईत गिरणीत होता. १९८२ च्या संपात गिरणी गेली, पण टेप त्यानं विकला नाही. सुट्टीला आला की पिशवीत कॅसेटी. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. दोस्तहो, ती कॅसेट आमची शाळा होती. शाळेच्या पुस्तकात बाबासाहेब घटना लिहिण्यापुरते एका धड्यात यायचे. कॅसेटीत ते रोज संध्याकाळी घरी यायचे. ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्यांना चळवळीचा इतिहास तोंडपाठ झाला तो या फितीमुळं. आणि वरच्या वाडीतून निरोप काय यायचा? "आवाज कमी कर." सप्ताहात त्यांचा कर्णा रात्रभर वाजायचा, तेव्हा असा निरोप कुणी कुणाला धाडल्याचं मला आठवत नाही.

"ते दिवस गेले," म्हणणाऱ्यांनी २०१५ ची शिर्डी आठवावी. मे महिना. एक दलित तरुण, नर्सिंग शिकणारा, लग्नाला म्हणून आलेला. दुकानात बसला होता. खिशातला फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. काहीजणांना ती खटकली. त्याला उचलून नेलं आणि मारून टाकलं. रिंगटोन म्हणजे काय, तर कुणीतरी बोलावतंय एवढं सांगणारे काही सेकंद. तेवढे सेकंद या देशात एका पोराच्या जिवाला महाग पडले. फोन खिशात असला तर चालतो, फोनानं आमच्या बापाचं नाव घेतलं तर चालत नाही. यापुढं चहाच्या गाडीवर कुणी "फोननं पोरं बिघडली" म्हणालं की त्याला एकच विचारा, शिर्डीत कोण बिघडलं होतं?

इथपर्यंत टाळ्या सोप्या आहेत. आता आपल्याकडं वळू.

२०१६ नंतर इंटरनेट एवढं स्वस्त झालं की वाडीवाडीत पोचलं. खळा संपला, ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या तळहातावर. ठीक. मग आपण काय केलं? १४ एप्रिलला डीजेच्या भिंती उभ्या केल्या. छाती फुटेल असा आवाज. त्या आवाजात गाण्याचे शब्द ऐकू येतात का? सिनेमाची चाल, सिनेमाचा ठेका, मध्ये कुठंतरी भीमाचं नाव. ज्यानं हयातभर डफ वाजवला तो म्हातारा शाहीर कडेला उभा. त्याच्या हातात माईक द्यायला कुणाला सुचत नाही. आपण निळा फेटा बांधून रील काढतो, किती जणांनी बघितलं ते दर पाच मिनिटांनी मोजतो. त्या मोजणीवर जाहिरात विकणारी कंपनी आपली नाही. तिला आपला राग आणि आपला नाच सारखाच, दोन्हींवर जाहिरात चिकटते. फुकट मिळतंय म्हणून आपण खूष. अरे, विकले जातोय आपण!

राग आला? यायला पाहिजे. मलाही स्वतःचा आला, कारण रोज दोन तास मीही तिथंच असतो.

पण हेच यंत्र काय करू शकतं तेही आपण बघितलंय. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चार माणसांना मारलं. मोठ्या वर्तमानपत्रांना त्याचं मोल कळायला कितीतरी दिवस लागले. तोवर आमच्या पोरांनी ई-मेल, ब्लॉग आणि एसएमएसनं ती बातमी गावोगाव नेली होती. त्यानंतर माणसं रस्त्यावर आली. हीच रीत जुनी आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजूनसुद्धा त्याची जाहिरात छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. बाबासाहेब रडत बसले नाहीत, आपला छापखाना आपण उभारायचा हे त्यांनी पुढं करून दाखवलं. यंत्र वापरणं आणि यंत्र हातात घेणं यांतला फरक एवढाच आहे.

आता शेवटची गोष्ट, आयेची.

माझ्या आयेनं वीस वर्षं काजूच्या कारखान्यात काजू फोडले. काजूच्या चिकानं बोटांची सालं गेली ती गेलीच. आज रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. चारदा पुसायचा, पाचव्यांदा टेकवायचा. घेतलेला नवा फोनही तिच्या बोटानं उघडत नाही. राबलेल्या हाताला यंत्र ओळखत नाही.

आता फोनात बोललेलं लिहून घेणारं, विचारलेल्याला उत्तर देणारं यंत्र आलंय. मी आयेला म्हटलं, बोल. ती बोलली, तिच्या मालवणीत. पडद्यावर काय उमटलं? कुठल्या तरी शहाण्या मराठीतले मोडकेतोडके शब्द. आये हसली. म्हणाली, "ह्येका माझा बोलणा कळणा नाय रे." मला हसू आलं नाही. ही यंत्रं शिकतात कशावर? लिहून, छापून, साठवून ठेवलेल्या मजकुरावर. ज्यांनी शेकडो वर्षं लिहिलं त्यांची भाषा त्यांना येते. ज्यांच्या हाताला पाटी लागू दिली नाही त्यांची कशी येणार? आये खळ्यातच राहिली. नवं यंत्र आलं आणि पुन्हा ओटीवर जाऊन बसलं. उद्या शाळेतली पोरं या यंत्राला विचारतील, कोकणात कोण राहत होतं, कसं बोलत होतं? ते ज्यांचं लिहिलेलं आहे त्यांचंच सांगेल.

तेव्हा मुंबई-पुण्यातल्या, कणकवली-कुडाळातल्या माझ्या दोस्तांनो, हप्त्यावर घेतलेल्या त्या फोनाची लाज बाळगू नका. हप्ता फेडा आणि फोन कामाला लावा. येत्या रविवारी घरी जा. आजीसमोर फोन ठेवा. रेकॉर्डिंगचं बटण दाबा आणि गप्प बसा. तिनं ढोर कधी ओढलं, पाणी कुठून आणलं, धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले देव कुठं सोडले, चुलत्यानं कॅसेट आणली तेव्हा कुठलं गाणं पहिलं लागलं, सगळं विचारा. तिच्या बोलीत आहे तसं लिहून काढा. शुद्ध करू नका. शुद्ध करणारे पुष्कळ आहेत. लिहिलेलं आमच्याकडं पाठवा, आम्ही छापू. जागा कमी पडली तर माझ्यासारख्यांचे असले लेख काढून टाकू.

आणि ती बोलत असताना वरून कुणी "आवाज कमी कर" म्हणालं, तर तेही रेकॉर्ड होऊ द्या.

जय भीम!